तळे, नाक आणि चुंबकसूची

महाडचा संगर आपण मुक्तिसंग्राम म्हणून स्मरतो, आणि ते योग्यच आहे. १९ व २० मार्च १९२७ ची परिषद, चवदार तळ्याकडे निघालेली मिरवणूक, त्यानंतर सवर्णांनी केलेली मारहाण, पंचगव्याने केलेले तळ्याचे 'शुद्धीकरण', डिसेंबरातले मनुस्मृतिदहन, हे सारे आपण दरवर्षी व्यासपीठावरून ऐकतो आणि सांगतो. परंतु या संगराला दुसरी एक बाजू आहे. ती कचेरीतल्या कागदांची, साक्षीपुराव्यांची बाजू. दहा वर्षे चाललेली ही लढाई घोषणांनी जिंकलेली नाही. ती संशोधनाने जिंकलेली आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये नरहरी दामोदर वैद्य व इतर सवर्ण मंडळींनी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा गुदरला. तळे स्पृश्यांचे आहे आणि अस्पृश्यांनी त्यास न शिवण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. मनाई हुकूमही त्यांनी मिळविला. आता असा दावा निकालात निघावा कसा? 'अनादि काळ' कशाने मोजायचा? त्यासाठी तळ्याचा इतिहास पाहावा लागतो, नगरपालिकेचे दप्तर चाळावे लागते, तळ्याचे क्षेत्रफळ किती, पाणी येते कोठून, काठावर वस्ती कोणाची, हे तपासावे लागते. तळे चार-पाच एकरांचे. पाणी काही पावसाचे, काही झऱ्यांचे. भोवती नगरपालिकेचे रस्ते आणि त्यांपलीकडे बहुतेक सवर्णांची घरे. हे सारे मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आलेले आहे. महाडच्या न्यायालयात १९३१ साली दावा फेटाळला गेला, ठाण्याच्या न्यायालयात १९३३ साली अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

ब्रूमफील्ड यांची विचारसरणी विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी अशी आहे. वादींचे साक्षीदार फार तर स्वतःच्या आठवणीपर्यंत मागे जाऊ शकत होते. तळे त्याहून कितीतरी जुने. एवढ्या मोठ्या जलाशयाभोवती जोवर सवर्णांची घरे उभी राहिली नव्हती, तोवर ते पाणी केवळ आपल्यासाठी राखण्याचा खटाटोप कोणी केला असेल हेच संशयास्पद आहे, असा त्यांचा तर्क. म्हणजे वस्तीचा भूगोल वहिवाटीच्या इतिहासाविरुद्ध साक्षीला उभा राहिला! वहिवाट सिद्धच झाली नाही. त्यामुळे ती न्याय्य की अन्याय्य या प्रश्नात न्यायालयाला शिरावे लागले नाही. हे आपल्यातील काहींना रुचत नाही. माणुसकीच्या हक्काचा जयघोष निकालपत्रात नाही, ही तक्रार मी ऐकलेली आहे. मला मात्र त्यात वेगळेच दिसते. जी रूढी स्वतःला सनातन म्हणवून घेत होती, तिला तिच्या वयाचा दाखला मागितला गेला आणि तो तिला देता आला नाही.

या एका तळ्यासाठी इतिहास, भूगोल, कायदा आणि महसुली दप्तर यांना एकत्र यावे लागले. विज्ञान, वैद्यक, मानव्यविद्या या भिंती विद्यापीठाने सोयीसाठी घातल्या आहेत. प्रश्न या भिंती पाहून उभा राहत नाही. आमच्या भागातला पहिल्या पिढीचा पदवीधर संशोधनाला निघाला की त्याला सांगतात, दलित साहित्य घे, नाहीतर आंबेडकरी विचार घे. प्रयोगशाळा तुझ्या कामाची नाही. हा सल्ला देणारे सारेच दुष्ट नसतात, आपलेही असतात. तरीही हा सल्ला म्हणजे नव्या रूपातली वाटणीच आहे, हे ओळखले पाहिजे.

प्रयोगशाळेचे उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. महाडच्या निकालापूर्वी तेहतीस वर्षे, १९०४ साली, याच जिल्ह्यात अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. (मुंबईतले कुलाबा वेगळे आणि १९८१ पर्यंत आपल्या जिल्ह्याला असलेले कुलाबा हे नाव वेगळे, परीक्षेत मुले हमखास फसतात.) मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या प्रवाहाने सूक्ष्म नोंदी बिघडतील हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी जाणले आणि हे काम अलिबागला हलविले. इमारतीत लोखंड नको, म्हणून चुंबकत्व नसलेला दगड वापरला. जुन्या व नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मोजमाप चालू ठेवले. अठराशे एकेचाळीसची नोंद आणि आजची नोंद एकाच धाग्यात राहावी, एवढ्यासाठी ही मेहनत!

तिचे फळ काय? १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीवर फार मोठे चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी मुंबईच्या कुलाब्यात बसून कोणीतरी डोळ्यांनी सूची वाचत होता आणि आकडे वहीत उतरवीत होता. १८५७ च्या उठावाला जेमतेम दोन वर्षे झालेली. पुढे २००३ साली, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या वहीतूनच त्या वादळाची तीव्रता काढली. सूची सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरली होती. या संस्थेचे मुख्यालय आज आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. वही लिहिणाऱ्याला आपल्या आकड्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. तरी त्याने आकडा सोडला नाही आणि बदललाही नाही. भौतिकशास्त्राची शिस्त ती हीच. न्यायालयातल्या साक्षीदाराला आणि या वहीवाल्याला एकाच मापाने मोजता येत नाही, पण दोघांकडून मागणी एकच असते: पाहिले तेवढेच सांग.

माणसांवरील संशोधनाने मात्र ही शिस्त अनेकदा पाळली नाही. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानी माणसांची नाके मोजली. नाकाची रुंदी व लांबी यांचे प्रमाण म्हणजे नासिकांक. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. मोजमाप होते, कोष्टके होती, आकडे होते. फक्त निष्कर्ष आधीच ठरलेला होता. हे ज्ञान आर्य आणि अनार्य वंशांच्या कल्पनेवर उभे होते.

येथे एक चमत्कारिक वळण आहे. ही आर्य-अनार्य विभागणी आपल्या पूर्वसूरींनीही हाती घेतली, पण उलट्या बाजूने. जोतीराव फुल्यांनी आर्यभटांना परके आक्रमक ठरवून शूद्रातिशूद्रांना या भूमीचे मूळ धनी म्हटले. महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर, फुल्यांच्या विचारांचे, पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी दापोलीस स्थापन केलेल्या मंडळीचे नावच 'अनार्य दोषपरिहारक मंडळी'. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले, तेही सवर्णांना प्रश्न विचारीत. लष्करात महारांची भरती बंद झाली तेव्हा त्यांनी अर्ज तयार केला, त्यात आपले लोक पूर्वीचे क्षत्रिय असल्याचा दावा केला. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या माणसाने इतिहास हे हत्यार म्हणून उचलले. संशोधनाची आपली परंपरा येथून सुरू होते, असे मी मानतो.

आणि बाबासाहेबांनी काय केले? १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. आणि त्याच ग्रंथात आर्यवंशाच्या स्वारीचा सिद्धांत खोडून काढला! गुरूला अर्पण केलेल्या पुस्तकात गुरूच्या एका प्रमुख प्रमेयाचे खंडन. १९४८ च्या 'अस्पृश्य' या ग्रंथात त्यांनी मालवणच्या गो. स. घुर्ये यांची नासिकांकाची कोष्टके घेतली आणि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशाचे नाहीत. रिस्लेचे हत्यार रिस्लेवरच उलटले. वलंगकरांचा क्षत्रियत्वाचा दावाही बाबासाहेबांनी पुढे चालविला नाही. त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ पराभूत टोळ्यांतील फुटीर माणसे, बौद्ध धर्म आणि गोमांस यांच्यात शोधले.

तीच शिस्त आज आपण बाबासाहेबांच्या निष्कर्षांना लावायला तयार आहोत काय? प्रश्न अडचणीचा आहे, पण टाळता येत नाही. नाक मोजून वंश ठरविण्याची पद्धतच आता शास्त्राने टाकून दिली आहे. तिच्या जागी आनुवंशिकी आली. २०१३ साली हैदराबादच्या व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी जनुकांवरून असे अनुमान काढले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकसमूह परस्परांत सरमिसळ होत होते आणि त्यानंतर जातीत लग्ने करण्याची पद्धत घट्ट झाली. १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठातील निबंधात बाबासाहेबांनी जातीचे सार म्हणून नेमके हेच सांगितले होते: बहिर्विवाहावर लादलेला अंतर्विवाह. त्यांच्यापाशी जनुके नव्हती, केवळ तर्क आणि ग्रंथ होते. पण २०१९ साली प्राचीन अस्थींवरील संशोधनाने असेही दाखविले की इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास गवताळ मैदानी प्रदेशातून माणसे येथे आली. हे १९४६ च्या प्रतिपादनाला अडचणीचे आहे. पहिला निष्कर्ष टाळ्या वाजवून घ्यायचा आणि दुसरा ऐकूच न घ्यायचा, हे आंबेडकरी वळण नव्हे. आगमन झाले म्हणून जातीला वंशाचा आधार मिळतो असेही नाही. उलट नंतरची हजारो वर्षांची सरमिसळ तो आधार काढून घेते.

आमच्या किनाऱ्यावर याचे आणखी एक उदाहरण आहे. नौगावजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांच्यातील हाईम केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात या समाजात यहुदी आणि स्थानिक अशी दोन्ही कुळे निघाली. सात जोडप्यांची कथा अक्षरशः टिकत नाही, समुद्रापलीकडचे नाते मात्र टिकते. आणि या समाजातही 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते, रोटीबेटीचे निर्बंध होते. कोकणच्या मातीने पाहुण्यालाही जात दिली!

वैद्यकाकडे येताना मन साशंक होते, त्याला कारण आहे. हाफकिनने प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचली, हे त्याचे मोठेपण. त्यानंतर लगेच ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तपासली गेली. लशीने पुढे असंख्य जीव वाचविले. तरी बंदिवानाच्या संमतीला किती अर्थ, हा प्रश्न उरतोच. दुसरीकडे, नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली, आणि विदर्भातील महार समाजात हा आजार लक्षणीय असल्याचे स्पष्ट झाले. त्याचे मूळ कोणाच्या हीनतेत नाही. हिवतापाच्या प्रदेशात एकेरी जनुकाने माणूस तगतो, म्हणून ते टिकले. जातीत लग्न होत राहिले की तेच जनुक दोन्हींकडून बाळाच्या वाट्याला येण्याचा संभव वाढतो. १९१६ चा निबंध असा दवाखान्यापर्यंत येऊन पोहोचतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने रक्ताचा अहवाल वाचायला शिकावे आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो निबंध वाचावा, असे मला वाटते ते यासाठीच.

अर्थशास्त्राबद्दल थोडेच सांगतो. १९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तळ्याचा निकाल लागला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. तेव्हा अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांचा संप चौथे वर्ष संपवीत आला होता. विधेयक संमत झाले नाही. खोती गेली १९४९ च्या कायद्याने.

आता कोणा विद्यार्थ्याला विषय हवाच असेल तर मी एक सुचवितो. महाड किंवा माणगाव तालुक्यातील एकच गाव आणि त्या गावचे महारवतन घ्यावे. वतन सुधारण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली आणले, आणि वतने कायद्याने संपली १९५९ साली. ती जमीन कोणाच्या नावे होती, कोणाला परत मिळाली, कोणी विकली, हे तलाठ्याच्या दप्तरात सापडेल. खाडीच्या खाऱ्या पाण्याने त्यातली किती नापीक आहे, हे मातीचे नमुने सांगतील. त्या घरांतल्या मुली कोठे दिल्या, मुले मुंबईच्या कोणत्या गिरणीत गेली, म्हाताऱ्यांना कोणते आजार आहेत, हे घरोघर विचारावे लागेल. रसायनशास्त्राचा एक, कायद्याचा एक, वैद्यकाचा एक आणि इतिहासाचा एक, अशा चौघांनी मिळून करावे असे हे काम आहे. चौघांना राहायला जागा मी देतो.