सीतेची वेणी : नावातून गळलेला पत्ता

१/ पावसाळ्याच्या तोंडावर चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे जाताना, अलोऱ्यासारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत, जुन्या झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी ठिपक्यांचे पांढरे तुरे लोंबताना दिसतात. कोणी याला सीतेची वेणी म्हणते, कोणी द्रौपदीची वेणी, कोणी नुसताच गजरा. हे एक ऑर्किड आहे, मराठीत आमरी. त्याच्या नावाचा इतिहास साडेतीनशे वर्षांमागे जातो.

२/ सतराव्या शतकात मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तेथील वनस्पतींची नोंद करवून घेतली. त्यातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला.

३/ या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीतील तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे १६७५ चे कोकणी निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीतच छापलेले आहे.

४/ बाराव्या खंडाच्या आरंभीच आपली सीतेची वेणी भेटते. तेथे तिचे नाव आहे ‘आंजिली मरवाळ’. आंजिली हा फणसाच्या कुळातला वृक्ष, आणि मरवाळ म्हणजे झाडावरची केळ. वनस्पती कोठे वाढते, हे नावातच सांगितलेले.

५/ १७५३ मध्ये लिनियसने याच चित्राचा आधार घेऊन तिला ‘एपिडेंड्रम रेटुसम’ म्हटले. एपिडेंड्रम म्हणजे झाडावरचे. रेटुसम हे पानाच्या बोथट टोकाचे वर्णन. १८२५ मध्ये ब्लूमने तिला ‘ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा’ केले. आता झाडही गेले. जगभर एकच नाव चालू लागले, ही विज्ञानाची मोठी सोय. परंतु त्या नावातून वनस्पतीचा पत्ता गळला.

६/ तो पत्ता न विचारण्याची किंमत एकोणिसाव्या शतकात दिसली. इंग्लंडमध्ये ऑर्किडांचे वेड पसरले. उष्ण प्रदेशातील वनस्पती म्हणजे सदैव उष्मा, दाट सावली आणि कोंदट ओल, असा समज होता. १८३० मध्ये जॉन लिंडली या थोर अभ्यासकानेही तसाच सल्ला दिला. बंद काचगृहांत असंख्य रोपे कुजून गेली.

७/ सह्याद्रीतील ‘एरिडिस क्रिस्पा’ आणि ‘एरिडिस मॅक्युलोसा’ यांना शास्त्रीय नावे देणारा लिंडलीच. पुढे चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टनने खेळती हवा आणि निरनिराळ्या तापमानांची गृहे ठेवली. रोपे जगू लागली.

८/ कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यानंतर दीर्घ कोरडा काळ. आमरी दोन्ही सोसते, कारण तिची मुळे उघड्यावर असतात. मुळांवरचे पांढरे स्पंजासारखे आवरण पाणी चटकन शोषते आणि वाऱ्यावर लवकर सुकते. ती मातीत पुरली की गुदमरतात.

९/ म्हणून आमरी पाळायची असेल तर लाकडाच्या ओंडक्यावर किंवा झाडाच्या सालीवर बांधावी. सकाळचे कोवळे ऊन, भरपूर वारा. मुळे रुपेरी दिसली की पाणी. हिरवी असतील तर थांबावे.

१०/ ती बांडगूळ नव्हे. बांडगूळ यजमान झाडात मूळ घुसवून रस शोषते. आमरी सालीचा केवळ आधार घेते. आंबा-काजूची बांडगुळे छाटताना हा भेद लक्षात ठेवावा.

११/ तिचे बी धुळीइतके सूक्ष्म, अन्नसाठ्याविना. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, हे फ्रान्सच्या नोएल बर्नारने १८९९ मध्ये ओळखले. म्हणजे एक झुपका गेला तर दुसरा सहज उगवत नाही.

१२/ मुंबई–गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात कोकणातील कितीतरी जुने वृक्ष पडले. त्यांच्या जागी रोप लावता येते. परंतु त्या फांद्यांवरच्या आमरीला खरबरीत, जून साल लागते, आणि ती तयार व्हायला दशके जातात. आपल्या गावात झाड तोडले जात असेल, तर फांद्यांवर एकदा पाहा. आमरी दिसली तर मुळे न दुखावता सोडवून, पावसापूर्वी दुसऱ्या जुन्या झाडाला सुती दोरीने बांधा. आणि ती कोणत्या झाडावर होती, ते लिहून ठेवा. कोचीच्या वैद्यांच्या काळी ही माहिती वनस्पतीच्या नावातच असे.