सात किलोंचा हिशोब: गिरणगावची ट्रंक ते विमानातली केबिन बॅग

गणपती जवळ आले की आमच्या परळ-लालबागमध्ये दोन प्रश्न फिरायला लागतात. पहिला जुनाच, "तिकीट मिळालं का?" दुसरा गेल्या काही वर्षांत आलाय, "सामान किती चालतं?" कारण कोकणातला चाकरमानी आता विमानानेही गावी जातो. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गात चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं. ५ जानेवारी २०२३ पासून गोव्यात मोपाहून विमानं उडायला लागली, आणि सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला मोपा तसं जवळच. तिकीट लवकर काढलं तर परवडतंही. पण स्वस्त तिकिटावर बहुतेक वेळा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: केबिन बॅग ७ किलो, चेक-इन १५ किलो. त्यापुढे प्रत्येक किलोचे पैसे.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की तो कोणी आणि का टाकला हे शोधायची खोड आहे. आज या आकड्यामागचा इतिहास बघू.

आधी ट्रंक

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली, ताडदेवला. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कामगार आले रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून. बायकापोरं गावी आणि पुरुष मुंबईत, अशी बहुतेकांची रीत. एका गावचे लोक मिळून चाळीत खोली घ्यायचे. पाळीप्रमाणे झोपायचे, जेवायला खानावळीत जायचे. अशा खोलीत माणसाची स्वतःची म्हणावी अशी जागा किती? एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी मावेल एवढी.

माझे आजोबा कुडाळ तालुक्यातले, गिरणीत साचेखात्यात होते. त्यांची ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. ती वर्षातून दोनदा गावी जायची, शिमग्याला आणि गणपतीला. जाताना त्यात काय असायचं, हे आजी अजून पाठ सांगते: धोतरजोड्या, मुलांचे कपडे, साबण, चहा पावडर, लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा. आणि शेजारच्या वाडीतल्या कोणाच्या मुलाने "एवढं आईला द्या" म्हणून दिलेलं एक पुडकं. येताना तांदूळ, कुळीथ, आमसुलं, नारळ. आजोबांचं एक वाक्य घरात अजून चालतं: "गावाक रिकाम्या हातान जाव नये."

हे सामान जायचं कसं? आधी आगबोटीने. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात थांबायची, आणि ट्रंकेसकट माणसं पडावात उतरायची. मग १९४८ मध्ये एसटी सुरू झाली, आणि सामान गाडीच्या टपावर चढलं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा ट्रंकेची जागा रेक्झिनच्या बॅगेने आणि गोणीने घेतली.

मर्यादा तेव्हाही होती, हे लक्षात ठेवा. रेल्वेचा नियम आजही आहे: सेकंड क्लासला ३५ किलो मोफत, स्लीपरला ४० किलो, थर्ड एसीला ४०, फर्स्ट एसीला ७०. जास्त असेल तर बुक करा, न करता सापडलात तर दंड सहापट. पण गणपतीच्या गाडीत बसलेल्या किती जणांची गोणी कोणी काट्यावर ठेवलेली पाहिलीत? नियम कागदावर होता, काटा फलाटाच्या टोकाला होता, आणि दोघांची भेट क्वचित व्हायची.

विमानात वजन म्हणजे जीव

विमानाचं प्रकरण पहिल्यापासून वेगळं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान होतं पुस मॉथ, एका इंजिनाचं, जेमतेम दोन-तीन माणसांचं. त्यात टपाल किती होतं? साधारण २५ किलो. टाटांच्या नियमित हवाई टपालाची सुरुवात ज्या फेरीने झाली, तिचं टपाल आज एका मोठ्या सूटकेसमध्ये बसेल.

त्या काळात काट्यावर सामानाबरोबर माणूसही चढायचा. जगभरच्या कंपन्या प्रवाशाचं स्वतःचं वजन घ्यायच्या, कारण छोट्या विमानात पन्नास किलो इकडचे तिकडे झाले तरी फरक पडायचा. पुढे विमानं मोठी झाली आणि इकॉनॉमीच्या प्रवाशाला २० किलो सामान मोफत, असा आंतरराष्ट्रीय रिवाज बसला. १९५३ मध्ये भारतात विमानसेवा सरकारी झाली. तेव्हा विमानाने जाणारा माणूस मुळात श्रीमंत किंवा साहेब. सामान तिकिटात धरलेलंच असायचं, आणि गिरणगावातून त्या रांगेत कोणी उभंच नव्हतं.

१९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा गेला. ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनने बंगळुरूहून स्वस्त विमानसेवा सुरू केली. मग २००५ ला स्पाइसजेट, २००६ ला इंडिगो. आणि १८ जानेवारी १९८२ च्या संपाने ज्यांच्या बापाची गिरणी सुटली, अशा लालबागच्या घरातली पोरं आयटीत लागून पहिल्यांदा विमानात बसली.

तिकीट सोलून काढलं

नेमकं याच काळात जगात एक गोष्ट घडली. २००६ मध्ये युरोपात रायनएअरने चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. २००८ मध्ये इंधन महागलं तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. लोक काय करणार? चेक-इन टाळून सगळं केबिनमध्ये कोंबायला लागले. डोक्यावरचे कप्पे भरले, चढायला वेळ लागू लागला. मग २०१० मध्ये स्पिरिटने त्या वरच्या कप्प्यातल्या बॅगेलाही पैसे लावले. आमच्या भाषेत सांगायचं तर एका सर्व्हरवरचा लोड दुसऱ्यावर ढकलला, तो कोसळायला लागल्यावर त्यावरही टोल बसवला.

कंपनीची बाजूही ऐकू. स्वस्त विमानाचा धंदा चालतो तो विमान जमिनीवर कमीत कमी थांबलं तर. प्रत्येकाने दोन बॅगा वर चढवायच्या म्हटल्या तर अर्ध्या तासात विमान परत उडत नाही. शिवाय भारतात "एकच हातबॅग" हा नियम कंपन्यांचा नाहीच. तो नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा, २००० सालच्या परिपत्रकातला. लेडीज पर्स, लॅपटॉप वगैरे अपवाद त्यात आहेत.

पण पैशांचं काय? एक ढोबळ हिशोब करू. जादा वजन उडवायला तासाला त्या वजनाच्या सुमारे ३ ते ४ टक्के इंधन जास्त लागतं, असं धरतात. म्हणजे तासाभराच्या प्रवासात एक किलोला ३०-४० ग्रॅम इंधन. काही रुपयांचं. हमाली, काउंटर, वेळ धरला तरी किलोमागचे शेकडो रुपये एवढ्यातून निघत नाहीत. १९३२ चं वजन पायलटच्या जिवाशी होतं. आजचं वजन मुख्यतः भावाशी आहे.

सरकारने हे थोडं आवरायचा प्रयत्न केला होता. जून २०१६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितलं, १५ ते २० किलोपर्यंतच्या जादा सामानाला किलोमागे १०० रुपयांहून जास्त घेऊ नका. तेव्हा दर ३०० च्या घरात होता. कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि २०१७ मध्ये कोर्टाने तो आदेश रद्द केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर चेक-इन बॅग नसेल तर तिकिटात सूट द्यायला परवानगी मिळाली.

ही सूट चांगली की वाईट? दोन दिवसांच्या मीटिंगला लॅपटॉप घेऊन जाणाऱ्याला चांगलीच. आधी तो दुसऱ्यांच्या सुटकेसचे पैसे आपल्या तिकिटातून भरत होता, ते थांबलं. सामान "फुकट" कधीच नव्हतं, ते सगळ्यांत वाटलेलं होतं. वाटणी मोडल्यावर भार कोणावर आला? जो दुसऱ्यांसाठी वाहतो त्याच्यावर. गावाला जाणारी काकू स्वतःच्या दोन साड्या नेते, बाकी सगळी बॅग इतरांची. लालबागच्या डंकावर कुटलेला मालवणी मसाला, भाच्याचा युनिफॉर्म, शेजारणीने दिलेलं पुडकं. दर ठरवणाऱ्याच्या डोक्यात हलका, एकटा प्रवासी आहे. आमच्याकडे एकटा प्रवासी फारसा नसतोच, तो अख्ख्या चाळीचा कुरिअर असतो.

परतीचा आणखी एक घोळ सांगतो, कारण कोकणवाल्यांना हमखास लागतो. अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. सुक्या खोबऱ्यावर तर जास्तच कडक नियम, कारण त्यात तेल भरपूर आणि ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२२ मध्ये नारळ केबिनमध्ये न्यायची खास सवलत दिली होती, तीही ठरावीक मुदतीपुरती. गौरी-गणपतीला अशी सवलत मिळालेली मी तरी ऐकलेली नाही.

मग करायचं काय? घरीच बॅग तोला, हुकाचा छोटा काटा मिळतो. जादा सामान लागणार हे माहीत असेल तर आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरवर ते जवळजवळ नेहमीच महाग पडतं. आणि तिकिटांची तुलना करताना सामान धरून बेरीज करा. तसं केलं की कधीकधी तुतारी एक्सप्रेसच स्वस्त निघते, आणि तिच्यात तांदळाची गोणीही बसते.

तुमच्या घरात गावाहून येणारी कोणती गोष्ट कधीच चुकली नाही, आगबोट असो, एसटी असो वा विमान? एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा. आजी-आजोबांच्या आवाजात असेल तर उत्तमच. निवडक मेसेज पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोवर, गणपतीच्या आगाऊ शुभेच्छा.