बॅटरीतला राखणदार काढू नका!

परवा गॅरेजवर चहा घेत बसलो होतो. एक ई-रिक्षावाले काका आले. "चढावर गाडी मधेच बंद पडते हो." मिस्त्री म्हणाला, "काका, बीएमएस त्रास देतंय. बायपास करून देतो, दोनशे रुपयांत काम."

मी मधे पडलो. कारण हे बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, उगाच आलेलं नाही. त्यामागे आगींचा इतिहास आहे.

जुन्या लेड-ॲसिड बॅटरीचं बूच काढून पाणी बघता यायचं, हायड्रोमीटर बुडवला की तब्येत कळायची. लिथियमचा सेल सीलबंद. आत काय चाललंय, दिसत नाही.

१९७० च्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची बॅटरी बनवली. पण वारंवार चार्ज केलं की लिथियम धातूवर सुईसारखे काटे वाढायचे आणि आतल्या आत शॉर्ट व्हायचं. १९८९ मध्ये कॅनडाच्या मोली एनर्जीच्या अशा बॅटऱ्यांनी जपानमध्ये मोबाईल फोनमध्ये पेट घेतला, माल परत मागवावा लागला. पुढे योशिनोंनी धातूऐवजी कार्बन वापरला आणि १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली. या कामासाठी दोघांना, गुडइनफ यांच्यासोबत, २०१९ चं नोबेल मिळालं.

धोका कमी झाला, संपला नाही. त्या प्रकारचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज केला की पुन्हा लिथियम धातू साचू लागतो, उष्णता वाढते. म्हणून राखणदार बसवला. बीएमएस प्रत्येक सेलचा व्होल्टेज, करंट आणि तापमान बघतं, मर्यादा ओलांडली की लाईन तोडतं.

अर्थात तो देव नाही. २००६ मध्ये डेलने लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सेल बनवतानाच आत धातूचे कण राहिले होते. तिथे राखणदार काय करणार?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला उभ्या स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला. अशा घटनांनंतर केंद्राने एआयएस-१५६ हे नियम कडक केले, १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले.

तर काकांची बॅटरी. मिस्त्रीने कुरकुरत लोडवर सेल मोजले. सोळापैकी पंधरा ठीक, एक झपकन खाली बसत होता. चढावर तोच दम सोडायचा आणि बीएमएस गाडी थांबवायचं. म्हणजे त्रास देणारा वेगळाच होता. बायपास केलं असतं तर त्याच आजारी सेलवर काका रोज शाळेची पोरं नेत राहिले असते.

बॅटरी घेताना विचारा: ॲपवर प्रत्येक सेलचा व्होल्टेज दिसतो का? एक सेल सतत इतरांपेक्षा मागे पडतोय का? १०० अँपियर-अवरची बॅटरी आता ८० च देत असेल, तर तब्येत ८० टक्के. हे महिन्यातून एकदा बघा.

आणि कुणी "बायपास करू" म्हणालं, तर गाडी तिथून ढकलत न्या. पण चालू करून नेऊ नका.