तारखेची रांग

पूर्वी वाड्यावाड्यांतून नळावर पाण्यासाठी रांग लागे. पहाटे हंडा रांगेत ठेवला की गृहिणी घरी येऊन चूल पेटवी. तिची जागा हंडा राखी. अमेरिकेत कायम वास्तव्यास जाणाऱ्यांची रांगही काहीशी अशीच आहे. तेथे हंड्याच्या जागी असते एक तारीख! 'आमची तारीख कुठवर आली?' हा प्रश्न आता घरोघरी ऐकू येतो. म्हणून ह्या रांगेचा इतिहास भगिनींपुढे थोडक्यात मांडीत आहे.

१९१७ च्या कायद्याने अमेरिकेचे दार हिंदी लोकांना जवळजवळ बंद झाले. १९४६ साली ते किलकिले झाले, पण वर्षाला अवघ्या १०० माणसांपुरते. पुढे ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनी न्यू यॉर्क येथे स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली. वंश पाहून ठरणारे कोटे गेले; नातेसंबंध आणि कौशल्य ह्यांना मान मिळाला. प्रत्येक वर्गात ज्याचा अर्ज आधी, त्याची पाळी आधी, असा नियम राहिला.

आजची चौकट १९९० च्या कायद्याची आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसे, नात्याच्या आधारे निदान २,२६,०००. आणि कोणत्याही एका देशाला ह्यांतले साधारण ७ टक्केच. देश धरावयाचा तो जन्माचा, नागरिकत्वाचा नव्हे. चिमुकल्या आइसलंडला आणि अफाट भारताला माप एकच! आपली रांग लांबली ती ह्यामुळे. अमेरिकन नागरिकाचे पती वा पत्नी, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील ह्यांना मात्र ही रांग नाही.

नागरिक झालेल्या भावाने बहिणीसाठी अर्ज दाखल केला, की तो दिवस ही तिची तारीख. तेथील परराष्ट्र खाते दरमहा एक पत्रक काढते. त्यात वर्गवार व देशवार तारखा असतात. आपली तारीख छापील तारखेच्या आधीची असेल, तर पाळी आली असे समजावे. ही तारीख महिन्याला महिनाभर पुढे सरकतेच असे नाही. पाणी थोडे आणि हंडे फार झाले, की ती चक्क मागे जाते.

२००७ च्या जुलैत असेच घडले. नोकरीच्या बहुतेक वर्गांना पाळी आल्याचे पत्रक निघाले. लोकांनी धावपळ करून कागद जमविले. आणि २ जुलैला सांगण्यात आले की व्हिसे संपले! तेव्हा आपल्या लोकांनी 'गांधीगिरी' केली. संबंधित खात्याच्या प्रमुखाकडे शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. १७ जुलैला निर्णय फिरला व अर्ज घेतले गेले.

ह्या रांगेत खरी कसोटी मुलांची होते. भावंडांच्या वर्गात सर्व जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसे. भारतीयांना एका तपाहून अधिक थांबावे लागते. अर्ज केला तेव्हा पाच वर्षांचा असलेला मुलगा पाळी येईतो २१ ओलांडतो आणि आईवडिलांबरोबर जाण्याचा हक्क गमावतो. २००२ च्या कायद्याने थोडा दिलासा दिला : अर्ज मंजूर होण्यास जितके दिवस लागले, तितके मुलाच्या वयातून वजा होतात. मात्र पाळी आल्यावर वर्षाच्या आत पुढचे पाऊल उचलावे लागते. रांगेतील प्रतीक्षेचे दिवस वजा होत नाहीत, हे विसरू नये.

म्हणून भगिनींनो, अर्जाची पोच जपून ठेवावी, पत्ता बदलल्यास कळवावा, मुलांच्या वयाचा हिशेब आधीच करावा. परंतु मुलांचे शिक्षण, मुलींची लग्ने आणि स्वतःचे बेत त्या तारखेला टांगून ठेवू नयेत. हंडा रांगेत खुशाल असू द्यावा. घरची चूल मात्र वेळेवर पेटली पाहिजे.