मुंबईची गोरी पलटण

गोव्याच्या दक्षिणेस, कारवारच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत अंजदीव नांवाचें एक लहानसें बेट आहे. इ. स. १६६२ च्या पावसाळ्यानंतर या बेटावर सुमारें चारशें इंग्रज शिपाई येऊन राहिले. ते तेथें लढण्यासाठीं आले नव्हते. दुसरीकडे कोठें जागा मिळेना म्हणून आले होते. याच शिपायांतून पुढें एक पलटण उभी राहिली. अडीचशें वर्षांच्या आयुष्यांत तिनें धनी बदलले, नांवें बदललीं, खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेशीं सामना दिला. आणि ज्या देशांतून शेवटीं तिचे शिपाई येत होते, तो देश ज्या वर्षीं आपला कारभार पाहूं लागला, त्याच वर्षीं ती मोडली.

मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळालें, ही गोष्ट शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. इ. स. १६६१ च्या तहान्वयें पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या विवाहांत तें इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस यास मिळालें. कागदावर मिळालेलें बेट प्रत्यक्ष हातीं येण्यास मात्र साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला, हें सहसा सांगितलें जात नाहीं. ताबा घेण्यासाठीं राजानें सर अब्राहम शिपमन याच्या हाताखालीं हे शिपाई पाठविले. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो इ कास्त्रो यानें बेट देण्याचें नाकारलें. सुरतेच्या इंग्रज वखारीनें या शिपायांस आसरा द्यावा, तर तेथील मोगल अंमलदाराची मर्जी जाण्याचें भय. ज्या गलबतांतून ते आले, तीं गलबतें परत गेलीं, आणि शिपमन व त्याचे लोक अंजदीवावर अडकून पडले.

त्या बेटावर त्यांच्यावर कोणी गोळी झाडली नाहीं. ताप, अतिसार, मुसळधार पाऊस व निकृष्ट अन्न एवढ्यांनींच काम केलें. शिपमन स्वतः एप्रिल १६६४ मध्यें तेथेंच वारला. फेब्रुवारी १६६५ मध्यें त्याचा चिटणीस हंफ्रे कुक यानें मुंबईचा ताबा घेतला, तेव्हां त्याच्याबरोबर शंभराच्या आसपास शिपाई उरले होते. एकहि लढाई न होतां चारांतले तीन गेले. पलटणींच्या इतिहासांत पहिलें पान बहुधा विजयाचें असतें. या पलटणीचें पहिलें पान मृतांच्या गणतीचें आहे.

राजास हें बेट फार खर्चाचें वाटूं लागलें. ता. २७ मार्च १६६८ च्या सनदेनें त्यानें तें ईस्ट इंडिया कंपनीस सालीना दहा पौंड भाड्यानें देऊन टाकलें. बेटाबरोबर शिबंदीचाहि निकाल लागला. ज्यांस कंपनीची चाकरी पत्करावयाची असेल त्यांनीं ती पत्करावी, इतरांनीं स्वदेशीं जावें, असें सांगण्यांत आलें. बहुतेकांनीं चाकरी पत्करली, व ‘राजाचे शिपाई’ एका व्यापारी मंडळीचे शिपाई झाले. पलटणीची वंशावळ याच शिबंदीपासून धरतात.

व्यापारी धनी हिशेबाला कडक. शिबंदीवर होणारा खर्च म्हणजे नफ्यांतली तूट, या दृष्टीनें लंडनच्या संचालकांनीं पगार व संख्या यांवर कात्री चालविली. तेव्हां मुंबईच्या शिबंदीचा मुख्य कॅप्टन रिचर्ड केग्विन हा होता. इ. स. १६७९ मध्यें खांदेरीच्या समुद्रांत शिवाजी महाराजांच्या आरमाराशीं जो इंग्रज सरदार झुंजला, तोच हा केग्विन. डिसेंबर १६८३ मध्यें त्यानें डेप्युटी गव्हर्नर चार्लस वॉर्ड यास अटकेंत टाकलें आणि मुंबई पुन्हां राजाच्या नांवानें चालेल अशी द्वाही फिरविली. हें बंड केवळ दंगाधोपा नव्हता. केग्विननें जवळजवळ अकरा महिने बेटाचा कारभार पाहिला, आणि विशेष म्हणजे छत्रपति संभाजी महाराजांकडे वकील पाठवून त्यांच्याशीं सलोख्याचा करारहि केला. कंपनीच्या शहाण्या कारभाऱ्यांस जें साधलें नव्हतें तें एका बंडखोर कॅप्टनास साधलें! नोव्हेंबर १६८४ मध्यें सर टॉमस ग्रँथम राजाचा हुकूम घेऊन आला, तेव्हां माफीचें वचन घेऊन केग्विननें बेट त्याच्या स्वाधीन केलें. तक्रार कंपनीविरुद्ध होती, राजाविरुद्ध नव्हती. राजाचा शब्द आला, तशी तलवार म्यान झाली.

पुढील शंभर वर्षांत या शिबंदीची कंपनीची नियमित गोरी पलटण बनली. पलाशीच्या रणांगणांत क्लाइव्हबरोबर मुंबईचेहि गोरे शिपाई होते, आणि ‘पलाशी’ हा शब्द पलटणीच्या मानचिन्हांत आला. येथें मराठी माणसास एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जानेवारी १७७९ मध्यें रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं मुंबईची फौज बोरघाट चढून आली, तींतहि मुंबईचें गोरें पायदळ होतें. मराठ्यांनीं तिला तळेगांवापुढें सरकूं दिलें नाहीं, आणि वडगांव येथें तिला मान तुकवून तह करावा लागला. निशाणांवर लढायांचीं नांवें विणण्याची चाल पुढें पडली. तींत वडगांवचें नांव अर्थातच नव्हतें. निशाणावरचा इतिहास हा नेहमीं निवडक इतिहास असतो.

खडकीचें नांव मात्र होतें. ता. ३० ऑक्टोबर १८१७ रोजीं ही पलटण मुंबईहून लांब मजला करीत पुण्यास दाखल झाली. शहराजवळची छावणी धोक्याची वाटून दोनच दिवसांत रेसिडेंट एल्फिन्स्टननें सर्व फौज खडकीकडे हलविली. ता. ५ नोव्हेंबरच्या दुपारीं तो संगमावरील बंगला सोडून फौजेस जाऊन मिळाला, आणि त्याच्या पाठीमागें तो बंगला पेटला. कर्नल बर याच्या हाताखालीं सुमारें अठ्ठावीसशें लोक होते. गोरी पलटण रांगेच्या मध्यभागीं व दोहों बाजूंस हिंदी शिपायांच्या पलटणी, अशी रचना होती. पेशव्यांची फौज अनेक पटींनीं मोठी होती, व तिचा सेनापति बापू गोखले हा कसलेला योद्धा होता. परंतु मराठी घोडदळ इंग्रजांच्या डाव्या बगलेवर तुटून पडलें, तें मध्येंच असलेल्या दलदलींत रुतलें. जरीपटक्याबरोबर पुढें झालेला मोर दीक्षित छर्ऱ्यांच्या माऱ्यांत पडला. आणि पर्वतीवरून पाहणाऱ्या बाजीरावाच्या डोळ्यांदेखत दिवस मावळण्याच्या सुमारास सामना संपला. इंग्रजांच्या बाजूस मृत व जखमी मिळून श्याऐंशी माणसें कामास आलीं, आणि त्यांत बहुतेक हिंदी शिपाई होते. मानचिन्ह गोऱ्या पलटणीच्या निशाणावर चढलें, पण रक्त अधिक कोणाचें सांडलें, हें या आंकड्यावरून दिसतें. पुढें दोन महिन्यांनीं झालेल्या कोरेगांवच्या लढाईंत मात्र ही पलटण नव्हती. पुष्कळांचा या बाबतींत घोटाळा होतो.

त्यानंतर कंपनीनें तिला जेथें जेथें राज्य हवें तेथें तेथें नेलें. मार्च १८२१ मध्यें अरबस्तानांतील बनी बू अली येथें, जानेवारी १८३९ मध्यें एडन बंदरांत, आणि १८४८-४९ च्या हिंवाळ्यांत मुलतानच्या वेढ्यांत ती होती. ता. २ जानेवारी १८४९ रोजीं मुलतानच्या तटाच्या ‘खुनी बुरूज’ या भागास पडलेल्या खिंडारांतून तिचे लोक आंत शिरले, आणि सार्जंट जॉन बेनेट यानें गोळ्यांच्या वर्षावांत तेथें निशाण रोवलें.

हे शिपाई कोण होते? ‘इंग्रज’ म्हणून आपण त्यांस ओळखतों, पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कंपनीच्या गोऱ्या रंगरुटांपैकीं जवळजवळ निम्मे आयरिश होते. जमीन दुसऱ्याची, खंड भारी, बटाट्याच्या पिकावर सारा संसार. अशा घरचा तरुण कंपनीच्या भरतीवाल्याच्या हातून पैसे घेऊन सहा महिन्यांच्या प्रवासास निघे, तो बहुधा परत येत नसे. आपल्या देशांत जो जित होता, तोच येथें जेत्यांच्या रांगेंत उभा राहत असे.

इ. स. १८५८ मध्यें कंपनीचें राज्य संपून राणीचें राज्य आलें, आणि या शिपायांचा धनी पुन्हां बदलला. या वेळींहि त्यांस कोणी विचारलें नाहीं. आम्हीं कंपनीशीं करार केला होता. दुसऱ्याची चाकरी करावयाची तर नव्यानें भरतीचा पैसा द्या, नाहींतर मोकळें करा, अशी कंपनीच्या गोऱ्या फौजेंत ओरड झाली. ती मुख्यतः बंगालकडे झाली. पण प्रश्न सर्वांचा होता. अखेर सरकार नमलें, व सुमारें दहा हजार गोरे शिपाई रजा घेऊन चालते झाले. दोनच वर्षांपूर्वीं हिंदी शिपायांच्या बंडास याच सरकारनें तोफेच्या तोंडीं देऊन उत्तर दिलें होतें. दोन्ही प्रसंग एकापुढें एक ठेवले म्हणजे टीकेची गरज राहत नाहीं.

पलटण मात्र टिकली. इ. स. १८६२ मध्यें ती राणीच्या फौजेंतील १०३ वी, ‘रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स’, झाली. इ. स. १८७१ मध्यें ती प्रथमच इंग्लंडच्या भूमीवर उतरली. जन्मानंतर दोनशेंहून अधिक वर्षांनीं तिनें आपलें म्हणविलें जाणारें घर पाहिलें! आणि १८८१ च्या फेररचनेंत मद्रासच्या जुन्या गोऱ्या पलटणीशीं तिची सांगड घालून दोघींची मिळून ‘रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स’ केली. मद्रासची पहिली बटालियन, मुंबईची दुसरी. ठाणें आयर्लंडांतील नास या गांवीं. मुंबईचें नांव गेलें.

डिसेंबर १८९९ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत कोलेन्सो येथें ही दुसरी बटालियन तुगेला नदीच्या एका वळणांत बोअरांच्या माऱ्यांत सांपडली. तिच्या आयरिश ब्रिगेडचे पांचशेंहून अधिक लोक पडले. त्याच रणांगणाच्या मागें मोहनदास गांधी नांवाचा एक हिंदी बॅरिस्टर आपल्या शुश्रूषा-पथकासह जखमींस वाहून नेत होता. या युद्धांत पडलेल्या पलटणीच्या लोकांच्या स्मरणार्थ १९०७ मध्यें डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेच्या दाराशीं दगडी कमान उभारली गेली. तेथील स्वराज्यवादी लोकांनीं तिचें नांव ‘फितुरांचा दरवाजा’ असें पाडलें.

पहिल्या महायुद्धांत या पलटणीच्या दोन्ही जुन्या शाखा जवळजवळ धुऊन निघाल्या. ता. २५ एप्रिल १९१५ रोजीं गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर मद्रासची शाखा होड्यांतून उतरतां उतरतांच कापली गेली. मुंबईची शाखा महिनाभरानें, ता. २४ मे रोजीं, ईप्रजवळील ‘माऊसट्रॅप फार्म’ म्हणजे उंदराच्या सापळ्याची वाडी या ठिकाणीं विषारी वायूच्या लोटाखालीं आली. सकाळीं साडेसहाशेंहून अधिक लोक खंदकांत होते. रात्रीं एक अधिकारी व वीस शिपाई उरले.

एप्रिल १९१६ चा शेवटचा आठवडा तर या पलटणीच्या इतिहासांत सर्वांत चमत्कारिक होय. ईस्टरच्या सोमवारीं डब्लिनमध्यें आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा झाली. तें बंड मोडण्यास जी फौज रस्त्यांत उतरली, तींत डब्लिन फ्युझिलियर्सच्याच तुकड्या होत्या; म्हणजे कित्येकांच्या गोळ्या आपल्याच शहरांतील माणसांवर चालल्या. त्याच आठवड्यांत फ्रान्समध्यें हुलुख येथें याच पलटणीच्या नव्या बटालियनी जर्मनांच्या वायूनें गुदमरून मरत होत्या. जे शिपाई १९१४ मध्यें बँड वाजत शहरांतून निघाले, ते परतले तेव्हां शहर बदललेलें होतें. कित्येकांनीं गणवेष पेटींत टाकला, आणि आपण कोठें लढलों हें मुलांनाहि सांगितलें नाहीं.

एमेट डाल्टन या तरुणानें दुसरी वाट धरली. सप्टेंबर १९१६ मध्यें गिंशी येथें फ्युझिलियर्समधून लढून त्यानें ‘मिलिटरी क्रॉस’ मिळविला होता; घरीं आल्यावर तो मायकेल कॉलिन्सच्या स्वातंत्र्यसेनेंत गेला.

डिसेंबर १९२१ च्या तहानें दक्षिण आयर्लंडास आपलें राज्य मिळालें, आणि तेथील पांच जुन्या पायदळ पलटणी मोडण्याचें ठरलें. ता. १२ जून १९२२ रोजीं विंडसरच्या राजवाड्यांत पांचवा जॉर्ज यानें त्यांचीं निशाणें आपल्या हातीं घेतलीं. डब्लिन फ्युझिलियर्सच्या निशाणांबरोबर खडकी, एडन व मुलतान हीं नांवेंहि त्या दिवाणखान्यांत गेलीं. दोन आठवड्यांनीं, ता. २८ जून रोजीं, डब्लिनमध्यें नव्या सरकारच्या तोफा आपल्याच फुटीर बांधवांच्या ताब्यांतील ‘फोर कोर्ट्स’ या इमारतीवर सुरू झाल्या. त्या तोफांवरचा अधिकारी एमेट डाल्टन होता. जुलै संपतां संपतां पलटण कागदोपत्रींहि मोडली.

सेंट स्टीफन्स ग्रीनच्या दाराशीं ती कमान अजून उभी आहे. तिच्या आंतल्या बाजूस दोनशेंहून अधिक मृतांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि बाहेरच्या दगडावर १९१६ च्या गोळ्यांच्या खुणा आहेत.