मिरजेचे सतारमेकर: तंबोरा घडवणारे हात आणि त्यांच्यापुढचे प्रश्न

शास्त्रीय गायनाची मैफल सुरू होते तेव्हा गायकाच्या मागे दोन तंबोरे झंकारत असतात. घरी जाताना लोकांना गायकाचं नाव आठवतं, तबलजीचं आठवतं, पेटीवाल्याचंही आठवतं. तंबोरा कोणी बनवला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारलं तर महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही बऱ्याचदा एकच उत्तर मिळेल: मिरज.

सांगली जिल्ह्यातल्या या जुन्या शहरात दीडशेहून अधिक वर्षं सतार, तंबोरा आणि इतर तंतुवाद्यं बनतात. हे काम मुख्यतः शिकलगार समाजातल्या मुस्लिम कुटुंबांनी सांभाळलं. त्यातल्या अनेकांचं आडनावच ‘सतारमेकर’ झालं आणि त्यांच्या वस्तीला सतारमेकर गल्ली म्हणू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. बातमी आली, अभिनंदनाचे संदेश फिरले आणि विषय मागे पडला. म्हणूनच हा हुनर नेमका काय आहे, कुठून आला आणि पुढे टिकणार का, हे नीट समजून घ्यायला हवं.

शिकलगार ते सतारमेकर

शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घडवणारे आणि त्यांना धार लावणारे कारागीर. संस्थानांच्या फौजा होत्या तोवर त्यांच्या हाताला काम होतं. इंग्रजी अंमल पक्का झाला तसं शस्त्रांचं काम घटत गेलं. हात कसबी, पण रोजी नाही, अशी वेळ आली.

मिरज संस्थानचे पटवर्धन राजे संगीताचे शौकीन होते. दरबारात दूरदूरचे गवई यायचे. प्रवासात त्यांची वाद्यं बिघडायची, पण दुरुस्त करणारं जवळपास कोणी नसायचं. अशा वेळी ते काम फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोईनुद्दीन या शिकलगार बंधूंकडे आलं, असं मिरजेत पिढ्यान्पिढ्या सांगितलं जातं. आधी दुरुस्ती, मग निरीक्षण, मग स्वतःचं वाद्य असा हा प्रवास झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत सतार-तंबोरे बनू लागले. फरीदसाहेबांचं नाव आजही तिथे आदराने घेतलं जातं.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एक धंदा बसला म्हणून ही माणसं हातावर हात ठेवून बसली नाहीत. पोलादाला धार लावणारी बोटं लाकूड आणि भोपळा हाताळायला शिकली. त्यासाठी कुठली शाळा नव्हती. गवयांनी सूर कळवला, कारागिरांनी तो वाद्यात उतरवला.

मिरजच का?

याचं उत्तर फक्त राजाश्रयात नाही. हजरत ख्वाजा शमना मिरासाहेबांचा दर्गा हे या शहराचं दुसरं केंद्र. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांचं नाव या दर्ग्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. प्लेगच्या आजारात ते इथे राहिले आणि बरे झाले, अशी आठवण सांगतात. पुढे मिरज हेच त्यांचं घर झालं. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचं निधन झालं. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आलं. दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि नामवंत कलाकार तिथे हजेरी लावतात.

खाँसाहेबांचा कान अतिशय बारीक होता आणि वाद्य जुळवण्याबद्दल त्यांचा आग्रह प्रसिद्ध होता. असा गवई गावातच असेल तर कारागिराला दुसरा परीक्षक लागत नाही. त्याआधी ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. त्यांच्याकडे शिकायला विष्णु दिगंबर पलुसकर याच गावात आले होते. गायक हिंदू असो वा मुसलमान, त्याचा तंबोरा एकाच गल्लीत जुळायचा. सलोख्यावर आपण भाषणं खूप ऐकतो. मिरजेत तो रोजच्या व्यवहाराचा भाग होता आणि आजही आहे.

भोपळ्यापासून वाद्यापर्यंत

तंबोऱ्याची सुरुवात शेतात होते. भाजीचा भोपळा इथे चालत नाही. कडू जातीचा, जाड सालीचा मोठा भोपळा लागतो. तो सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो. फळ वेलावर पूर्ण पक्व होऊन वाळावं लागतं. पुरुष गायकांच्या तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो, स्त्रियांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान, सतारीला आणखी लहान.

वाळलेला भोपळा कापतात, आतला गर आणि बिया काढतात, पाण्यात भिजवून मऊ करतात. मग आत बांबूच्या काड्यांचा ताण देऊन त्याला हवा तो आकार देतात आणि पुन्हा वाळवतात. त्यावर लाकडी गळा आणि दांडी बसते. त्यासाठी तुणीसारखं हलकं, पण टिकाऊ लाकूड वापरतात आणि ते बहुतेक कर्नाटकाच्या जंगल भागातून येतं. भोपळ्याचं तोंड झाकणारी पातळ फळी म्हणजे तबली. ती जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने बसते.

पुढे नक्षीकाम, पॉलिश, खुंट्या, तारा आणि घोडी. पूर्वी नक्षीला हस्तिदंत आणि घोडीला सांबरशिंग वापरत. वन्यजीव कायद्यांमुळे ते बंद झालं आणि कारागिरांनी प्लास्टिक, हाड, लाकूड असे पर्याय शोधले. सतारीला यापेक्षा जास्त काम असतं: दांडीवर पितळी किंवा पोलादी पडदे आणि त्यांच्याखाली तरफेच्या तारा.

जवारी: शेवटची आणि सर्वात अवघड पायरी

वाद्य दिसायला पूर्ण झालं तरी ते अजून मुकंच असतं. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसेने अगदी हलकेच घासून त्याला किंचित उतार देतात. छेडलेली तार त्या उतारावर निसटती टेकत राहते. तंबोऱ्यात तारेखाली सुती धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. ती सापडली की तारेतून मूळ स्वरासोबत वरचे अनेक स्वर उमटतात आणि आवाज खुलतो. याला जवारी काढणं म्हणतात. कानस एकदा जास्त चालली तर घोडी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

आठवीच्या विज्ञानात आम्ही ध्वनीचा धडा शिकवतो. कंपन, वारंवारता या व्याख्या मुलं पाठ करतात. जवारी लावणाऱ्या कारागिराने कदाचित त्या व्याख्या वाचलेल्याही नसतील, पण त्याच्या कानाला त्या कळतात. पुरुषांचा तंबोरा साधारण काळी एकच्या आसपास आणि स्त्रियांचा काळी चारच्या आसपास जुळतो. वाद्य कोणाच्या गळ्यासाठी आहे, हे भोपळा निवडतानाच ठरवावं लागतं.

जीआय टॅगने काय मिळालं?

हे मानांकन देणारी नोंदणी कचेरी चेन्नईला आहे. सतारीचं मानांकन ‘मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर’च्या नावे आणि तंबोऱ्याचं ‘सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्म’च्या नावे मिळालं. त्या वेळी क्लस्टरने दिलेल्या माहितीनुसार साडेचारशेहून अधिक कारागीर या कामात आहेत आणि महिन्याला साठ-सत्तर सतारी आणि शंभराच्या आसपास तंबोरे तयार होतात.

मानांकनाचा साधा अर्थ असा: दुसरीकडे बनवलेल्या वाद्याला ‘मिरजेचं’ म्हणून विकता येत नाही. ही गरज खरी होती, कारण मिरजेच्या नावावर भलताच माल खपवला जाण्याची कारागिरांची तक्रार जुनी आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, नोंदणी दहा वर्षांची असते आणि वेळेवर नूतनीकरण करावं लागतं. दोन, संस्थेला टॅग मिळाला म्हणजे प्रत्येक कारागिराचं काम झालं असं नाही. त्याने स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करायची असते. हा अर्ज न केल्यामुळे टॅगचा फायदा घराच्या उंबऱ्याबाहेर राहू शकतो. गल्लीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या वडीलधाऱ्यांचे अर्ज भरून दिले तरी मोठं काम होईल.

अडचणी कुठे आहेत?

पहिली अडचण पेटीतल्या तंबोऱ्याची. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तेव्हाच विद्यार्थ्यांची मागणी घटू लागली. आता तर मोबाईलवरच तंबोरा वाजतो. शिकणाऱ्याला ते सोयीचं आहे, त्याला दोष देता येत नाही. पण हौशी विद्यार्थी हाच नेहमीचा गिऱ्हाईक होता.

दुसरी अडचण कच्च्या मालाची. अवकाळी पाऊस आणि पुराने भोपळ्याचं पीक हातचं जातं. शेतकऱ्यालाही वर्षभर शेत अडवण्यापेक्षा दुसरं पीक परवडतं. चांगलं लाकूड महाग झालं आहे.

तिसरी अडचण बाजाराची. वाद्य घडायला काही आठवडे जातात, तेवढा काळ पैसा अडकतो. कोरोनाच्या काळात मैफली, महोत्सव, गायनाचे क्लास बंद झाले आणि त्याचा थेट फटका या घरांना बसला. परदेशी गिऱ्हाईक चांगली किंमत देतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचणारा बहुतेक वेळा दुकानदार असतो, घोडी घासणारा नसतो.

चौथी अडचण सरकारी कागदावरची आहे. २०२३ मध्ये केंद्राची ‘पीएम विश्वकर्मा’ योजना आली. सुरुवातीच्या यादीत अठरा पारंपरिक व्यवसाय होते. त्यात सुतार आहे, लोहार आहे, शस्त्र बनवणारा कारागीरही आहे. वाद्य बनवणारा मात्र स्वतंत्रपणे नाही. म्हणजे शिकलगारांनी पाच-सात पिढ्यांपूर्वी सोडलेला धंदा यादीत आहे आणि आज ते करतात तो नाही. ही मागणी लोकप्रतिनिधींकडे लावून धरण्यासारखी आहे.

पुढची पिढी

सर्वात कठीण प्रश्न मुलांचा आहे. हे काम शिकायला कित्येक वर्षं लागतात आणि त्या वर्षांत कमाई थोडी. मुलगा पदवी घेऊन नोकरीला गेला तर बापाला आनंदच होतो, आणि तो व्हायलाच हवा. शिक्षक म्हणून मी कोणत्याही मुलाला शाळा सोडून कारखान्यात बस असं सांगणार नाही. पण शिक्षण आणि हुनर यांत एकच निवडायचं, हे आपण का मानतो? वाणिज्य शिकलेली मुलगी निर्यातीचे कागद सांभाळू शकते. विज्ञान शिकलेला मुलगा लाकडाच्या नव्या पर्यायांवर काम करू शकतो. जवारीचं ज्ञान आज फक्त म्हाताऱ्या बोटांत आहे. ते चित्रफितींत, वह्यांत, आयटीआयच्या अभ्यासक्रमात यायला हवं.

संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत आणि ती असू द्यावीत. पण हलाल मेहनतीने, पिढ्यान्पिढ्या प्रामाणिकपणे केलेल्या कामाची कदर करायला कोणाची हरकत नसावी. मिरजेला दर्ग्यावर जाल तेव्हा मुलांना घेऊन सतारमेकर गल्लीतही एक चक्कर मारा. भोपळ्याला आकार कसा देतात ते त्यांना पाहू द्या, कारागिराला त्याचं नाव विचारू द्या. आणि घरात कोणी गाणं शिकत असेल तर मोबाईल बाजूला ठेवून एकदा खऱ्या तंबोऱ्याजवळ बसवा. फरक त्यांचा त्यांनाच ऐकू येईल.