चेस काउंटी न्यायालय
अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील कॉटनवुड फॉल्स या गावातील ही चेस काउंटीची न्यायकचेरी. राज्यात अद्यापि वापरात असलेली सर्वांत जुनी. १८५९ मध्ये स्थापन झालेल्या या काउंटीस ज्यांचे नाव दिले, ते सॅमन पी. चेस पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले; इमारत पुरी झाली त्याच वर्षी, १८७३ मध्ये, ते निवर्तले. बांधकामास आरंभ १८७१ चा. कॅन्ससच्या राज्य विधिभवनाच्या पूर्व कक्षाचे वास्तुविशारद जॉन जी. हॅस्केल यांनीच हिचा आराखडा केला.

हे गाव फ्लिंट हिल्स या गवताळ मुलखातले; येथे मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडक, त्यामुळे जी जमीन नांगराला दाद देत नाही तिनेच या इमल्याला घडीव दगड पुरविला. त्यावर तत्कालीन फ्रेंच धाटणीचे, कड्यासारखे उतरणारे तांबडे मॅन्सार्ड छप्पर आणि घड्याळाचा मनोरा चढवून हॅस्केल यांनी गुराख्यांच्या प्रदेशात पॅरिसचा डौल आणला. तो विसंगत वाटायला हवा, पण वाटत नाही. ब्रॉडवे या मुख्य रस्त्याच्या दक्षिण टोकाशी ही इमारत उभी असल्याने गावात शिरणाऱ्याची दृष्टी प्रथम हिच्यावरच खिळते.

अंतर्भागातील खरे लेणे मात्र जिना होय. कॉटनवुड नदीकाठच्या अक्रोडवृक्षांच्या काळसर लाकडाचा, गुळगुळीत कठड्याचा हा सर्पिल जिना मजल्यामागून मजले चढत जातो. दफ्तरे, न्यायसभा आणि कैद्यांची जुनी कोठडी एकाच छपराखाली होती. १९७१ मध्ये वास्तूची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत झाली.